डॉक्टर रात्रीचा फोन उचलत नाहीत

प्रश्न : माझे यजमान गुरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी सलाईन लावलेली एक गाय दगावली. मालकाने व्हिडिओ गावभर फिरवला, तक्रार अर्जही दिला. आता रात्री फोन वाजला की हे दचकतात, सलाईन लावायलाच कचरतात. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, मी पशुसंवर्धन खात्यातूनच निवृत्त झालो, त्यामुळे हे कचरणं मला ठाऊक आहे. दुग्धज्वराचंच उदाहरण घ्या, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार. त्यात गाय मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडतात. शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडावं लागतं, सतत छातीचे ठोके ऐकत. घाई झाली तर हृदय थांबू शकतं. आणि डॉक्टरांना उशिरा बोलावलं, तर नीट देऊनही गाय जाऊ शकते. मालकाला एवढंच दिसतं की सुई टोचली नि गाय गेली. त्याचा दुधाचा पगार बुडाला, त्याचा राग मी समजू शकतो. पण व्हिडिओ फिरवणं हा अन्यायच.

अर्जाला लेखी उत्तर द्या. केसपेपरवर बोलावल्याची वेळ, ताप, ठोके, औषधाचा बॅच नंबर असेल, तर तोच त्यांचा साक्षीदार. यापुढे सलाईनआधी धोका सांगून मालकाची सही घ्यावी. मालकाकडे त्यांना एकटं पाठवू नका.

आणि झोप! शेजारच्या डॉक्टरांशी बोलून रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. दचकणं थांबलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ते टाळतील, तर पहिला फोन तुम्ही लावा.