जुन्या पिकअपला पूर्ण बेड लायनर मारायचं का? आधी गंज बघा, मग हप्ता

तुमची पिकअप १२ वर्षांची झालीये, बॉनेट आणि टपावरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सुटतोय, दाराखालच्या पट्टीला आणि चाकांच्या कमानींना गंज धरलाय, बंपर पांढरा पडलाय. वर्कशॉपवाला म्हणतोय हौद्यात मारतात तेच बेड लायनर, म्हणजे जाड खरखरीत संरक्षक कोटिंग, पूर्ण गाडीवर स्प्रे करतो, रंगकामापेक्षा स्वस्तात पडेल, दोन वर्षांचे हप्ते, वर्षाला १२ टक्के फ्लॅट व्याज. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि दोन-तीन वर्षांत गाडी विकायचा विचारही आहे, असं तुम्ही लिहिलंय.

माझं सरळ मत, पूर्ण गाडीवर नको. खालच्या भागांना करा, आणि साठवलेल्या पैशातून करा.

आधी व्याजाचं बघू, कारण १२ टक्के ऐकायला बरं वाटतं पण फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय तरी व्याज कमी होत नाही. १०० घेतले तर दोन वर्षांत १२४ जातात, आणि कमी होत जाणाऱ्या शिलकीवर हिशोब केला तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. ज्या वस्तूची किंमत दरवर्षी उतरतेय तिच्या दिसण्यासाठी एवढं व्याज भरू नका, विशेषतः तुमच्याकडे अडीअडचणीला दोनच महिन्यांचा खर्च बाजूला असताना.

दुसरं म्हणजे विक्री. पूर्ण गाडी खरखरीत काळी दिसली की घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की खाली काय लपवलंय, ठोकलेली आहे का, पुट्टी किती भरलीय. आणि त्याची शंका चूक नसते, कारण त्या टेक्श्चरमध्ये छोटे डेंट आणि पत्र्याच्या लाटा खरंच झाकल्या जातात. नको असेल तर काढून रंग मारू म्हणाल तर तेही सोपं नाही, हीट गन, स्क्रेपर, ग्राइंडर घेऊन एकेक पॅनल खरवडत बसावं लागतं आणि ती मजुरी रंगकामाच्या वर पडते. गाडी मोडेपर्यंत तुम्हीच वापरणार असता तर हा मुद्दा मी सोडून दिला असता, पण तुम्ही विकणार आहात.

आता गंज, इथे मला खरी काळजी वाटते. हे कोटिंग पॉलियुरेथेन नाहीतर पॉलियुरियाचं असतं, दगड-खडी सोसायला उत्तम, पण गंजावर मारलं तर गंज थांबत नाही, आत ओल अडकते आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा खात राहतो. म्हणून कोटेशनमध्ये गंज चकचकीत पत्र्यापर्यंत घासणं, सडलेला तुकडा कापून नवा वेल्ड करणं, इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून वाचवणारं अस्तर), हे वेगवेगळं लिहून घ्या. त्यांनी नुसतं 'सरफेस क्लीनिंग' लिहिलं असेल तर स्वस्त का आहे ते तिथेच कळलं. दाराच्या आणि पट्टीच्या खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती बुजली तर आतून सडणार, त्यांना टेप लावूनच स्प्रे करायला सांगा आणि काम झाल्यावर स्वतः वाकून बघा.

कोणतं मटेरियल तेही विचारा. अॅरोमॅटिक प्रकार स्वस्त असतो पण उन्हात फिका पडतो, पांढरट होतो, अॅलिफॅटिक महाग पण ऊन सोसतो. बॉनेट आणि टपावर सगळ्यात जास्त ऊन, म्हणजे जिथे स्वस्त माल लवकर खराब दिसणार तिथेच तो तुम्हाला मारून मिळणार. त्यापेक्षा बॉनेट-टपाला साधा रंग आणि क्लिअर कोट करा, तोही पुढच्या वर्षी केला तरी चालेल, पत्रा उघडा पडून गंज धरेपर्यंत ते फक्त दिसण्याचं दुखणं आहे. खालच्या पट्ट्या आणि कमानी मात्र आधी, कारण गंजाचा खर्च थांबल्याने वाढतो. बंपर प्लॅस्टिकचा आहे तर आधी अॅडहिजन प्रमोटर (कोटिंग प्लॅस्टिकला धरून राहावं म्हणून मारायचा थर) लागतो, नाहीतर सालपटं निघतात, आणि पार्किंग सेन्सर असतील तर ते झाकू नका.

किट आणून घरी करायचा मोह होईल, लहान भागांना जमतंही, पण दोन भाग मिसळायच्या मालाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. साध्या कापडी मास्कने भागत नाही, वर्कशॉपमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. तेवढी सोय नसेल तर मजुरी वाचवू नका.

रंग बदलणार असेल तर नोंदणीच्या कागदावर आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का ते आधी विचारून घ्या. वर्कशॉपकडून फक्त खालच्या भागांचं नवीन कोटेशन मागवा, वर सांगितल्याप्रमाणे सुटं सुटं लिहिलेलं. ते पाठवलंत की किती महिने साठवून रोख करता येईल ते मांडून देतो, तोपर्यंत हप्त्याच्या कागदावर सही करू नका.