धुकं रंगवू नकोस, कागदावर सोड

प्रिय मित्रा,

तुझी सह्याद्रीची जलरंगचित्रं पाहिली. कातळ छान जमलाय, धुकं मात्र पांढरा रंग फासल्यासारखं दिसतं. आणि कोपऱ्यातली ती चेरीची फांदी काढून टाक. तेवढ्याने चित्र जपानी होत नाही.

योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) नीट बघ. तैलरंग-जलरंगात घडलेला हा जपानी गिर्यारोहक चित्रकार चाळिशीनंतर लाकडी ठशांकडे, म्हणजे लाकडात कोरून कागदावर छापलेल्या चित्रांकडे वळला. १९२६ची जपानी आल्प्सची मालिका आणि १९३१मधलं कांचनजंगा आधी पाहा. त्याच्या अनेक चित्रांवर तिसाहून जास्त वेळा रंग चढलाय. डोंगर दूर जातो तो त्या पातळ थरांमुळे.

तूही धुकं असंच छापून बघ. चार ठशांपासून सुरुवात कर: आकाश, लांबची रांग, मधली रांग, जवळचा कडा. १५ बाय २० सेंमी पुरे. चित्र ठशावर उलटं उतरव. लाकडाच्या रेषा आडव्या ठेव, सह्याद्रीचे थर आडवेच असतात. कागद बसवायच्या खुणा, म्हणजे केंतो, प्रत्येक ठशावर अगदी त्याच जागी हव्यात: एका कोपऱ्यात काटकोनी, त्याच कडेला पुढे एक सरळ.

कागद कोझोचा, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, सरस-तुरटी दिलेला घे. नाहीतर रंग फुटतो. एक पान ओलं, एक कोरडं अशी थप्पी करून रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळ. सकाळी हाताला गार लागावा, पण चकाकता कामा नये. काम चालू असताना कागद सुकला की आकसतो आणि रांगा एकमेकींवरून सरकतात. मग खुणांना दोष देऊन उपयोग नाही.

आता बोकाशी, म्हणजे फिकट होत जाणारी छटा. खरी मेहनत इथेच आहे. रंग जिथे विरायचा तिथे ठसा ओल्या फडक्याने पूस. डोंगरमाथ्याच्या कडेला प्रशियन निळा आणि तांदळाच्या खळीचा छोटा थेंब ठेव. रुंद ब्रशचं एक टोक रंगात, दुसरं पाण्यात. ब्रश कडेला समांतर, आडवा फिरव. रंगाचं टोक कायम माथ्याकडेच राहू दे. कागद ठेवून मागून बारेनने, म्हणजे छापायच्या चपट्या गोल गादीने, घास. पायथा कोराच सुटला पाहिजे, तेच तुझं धुकं.

छटेच्या शेवटी रेघ उमटली तर ठसा कोरडा होता. तिळासारखे ठिपके आले तर खळ कमी, पाणी जास्त किंवा दाब अपुरा. कड्यावर ते ठिपके शोभतात, मुद्दाम ठेवलेस तरी चालेल. आकाशात मात्र नकोत. गडद हवं म्हणून रंग घट्ट करू नकोस. पातळ रंगाचे तीन हात दे.

ठसे जपून ठेव. योशिदाने त्याच ठशांवर रंग बदलून शिडाच्या होड्यांची सकाळ, संध्याकाळ, रात्र छापली. तुझ्या कड्याचंही तसं करता येईल.

पुढचे छाप पाठवशील तेव्हा प्रत्येकामागे पेन्सिलीने लिही: खळ किती, पाणी किती, हात किती.