पटकथा वाचून पोट भरतं का? स्क्रिप्ट रीडरला वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सिनेमाच्या पडद्यामागच्या कामांबद्दल लिहिताना मी ओझरतं म्हटलं होतं की निर्मात्याच्या टेबलावर जायच्या आधी पटकथा बऱ्याचदा एका पगारी वाचकाच्या हातून जाते आणि मी मुंबईत तेच काम करते. त्यावर खूप मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

ताई, स्क्रिप्ट रीडर दिवसभर नेमकं करतो काय? नुसतं वाचायचे पैसे मिळतात हे माझ्या आईला पटतच नाहीये.
– बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

आईला सांग की पैसे लिहायचे मिळतात. प्रॉडक्शन हाउसची किंवा ओटीटीची डेव्हलपमेंट टीम, म्हणजे कुठल्या गोष्टी घ्यायच्या ते बघणारी माणसं, पटकथा पाठवते, साधारण शंभर-एकशेवीस पानांची पीडीएफ, आणि मी त्यावर तीन-चार पानांचा रिपोर्ट देते, त्याला कव्हरेज म्हणतात. वर नाव, जॉनर म्हणजे गोष्टीचा प्रकार, काळ, गोष्ट कुठे घडते, खर्चिक आहे का, मग लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात गोष्ट, मग दीड-दोन पानांचा सिनॉप्सिस, मग कॉमेंट्स आणि शेवटी निकाल. पास म्हणजे सोडून द्या, कन्सिडर म्हणजे दम आहे पण काम लागेल, रेकमेंड म्हणजे आजच लेखकाला फोन करा. बहुतेक स्क्रिप्टना पास म्हणजे नकारच मिळतो, कन्सिडर कमी, आणि रेकमेंड इतकं क्वचित की ते लिहिताना मी रात्रभर थांबते आणि सकाळी परत वाचूनच पाठवते, कारण त्या एका शब्दावर माझं नाव लागलेलं असतं.

सगळ्यांना वाटतं की कॉमेंट्स हा महत्त्वाचा भाग, म्हणजे रीडर किती हुशार ते तिथे दिसतं. माझं मत वेगळं आहे. खरं काम सिनॉप्सिसमध्ये आहे. एकशेवीस पानांची गोष्ट दोन पानात सांगायची, तीही आपलं मत न घुसवता, लेखकाने जे लिहिलंय तेच, ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने. हे करताना पटकथेचं सगळं कळतं. ज्या गोष्टीत एका घटनेमुळे दुसरी घडते तिचा सिनॉप्सिस सरसर लिहून होतो, आणि जिथे मला दर दोन ओळींनी ‘दरम्यान’, ‘मग अचानक’, ‘इकडे दुसरीकडे’ असं लिहावं लागतं तिथे मला कळतं की सीन एकमेकांना धरून नाहीयेत, नुसते एकामागे एक ठेवलेत. वाचताना संवाद इतके छान असतात की हे लक्षातच येत नाही. म्हणून मी निकाल कधीच सिनॉप्सिसच्या आधी ठरवत नाही. आणि सिनॉप्सिस वाचणाऱ्याला शेवट पण सांगायचा असतो, तिथे सस्पेन्स ठेवायचा नाही, कारण ज्याला पैसे घालायचेत त्याला खुनी कोण ते माहीत पाहिजे.

वेळेचं म्हणशील तर फीचर म्हणजे पूर्ण लांबीच्या सिनेमाची स्क्रिप्ट नीट वाचायला दोन-अडीच तास आणि लिहायला तेवढेच किंवा जास्त. दिवसाला दोनच्या वर मी घेत नाही. तिसऱ्या लेखकावर अन्याय होतो, डोकं थकलेलं असतं.

पहिली दहा पानं वाचून स्क्रिप्ट बाजूला टाकतात असं सगळे सांगतात. खरंय का? मी दोन वर्षं घालवलीत एका स्क्रिप्टवर.
– एक लेखक, कोल्हापूर

कव्हरेज लिहिणारा रीडर असं करूच शकत नाही, कारण त्याला शेवटपर्यंतचा सिनॉप्सिस लिहायचाय. म्हणजे तुमची स्क्रिप्ट पगारी रीडरकडे गेली असेल तर ती पूर्ण वाचली जाते, हे मनावर घ्या. दहा पानांवर थांबतात ते निर्माते, दिग्दर्शक, नट, ज्यांच्याकडे वेळ नसतो आणि ज्यांना कुणी रिपोर्ट मागत नाही.

पण मुंबईत अजून एक भानगड आहे ती म्हणजे नॅरेशन. इथे कित्येक मोठे निर्णय स्क्रिप्ट वाचून होत नाहीत, लेखक किंवा दिग्दर्शक समोर बसून दोन-अडीच तास गोष्ट ऐकवतो आणि त्यावर हो-नाही ठरतं. ज्याचा आवाज चांगला, ज्याला थांबायचं कुठे ते कळतं, त्याचा कच्चा सीनसुद्धा खोलीत तरून जातो, आणि लाजऱ्या लेखकाचा फार सुंदर सीन पडतो. मी अशा खोल्यांमध्ये बसलेय आणि नंतर तीच स्क्रिप्ट कागदावर वाचलीय, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून मला वाटतं की रीडर हा लाजऱ्या लेखकाचा सगळ्यात जवळचा माणूस आहे, त्याच्यासमोर फक्त पान असतं, तुमचा चेहरा नाही, आडनाव नाही, कुणाची ओळख नाही. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात सुरू झाले, त्यानंतर लिहिलेल्या कागदाला इथे किंमत वाढली हे मी स्वतः बघितलंय, कारण आठ एपिसोड कुणी तोंडी ऐकवू शकत नाही. तिथे बायबल लागतं, म्हणजे सीरिजची गोष्ट आणि पात्रं मांडणारा दस्तऐवज, पायलट म्हणजे पहिला एपिसोड लागतो, आणि ते वाचायला माणूस लागतो.

पहिल्या दहा पानांत मी काय बघते तर लेखकाला आपली गोष्ट कुणाची आहे हे माहितीये का. बस. स्फोट नको, पाठलाग नको. एक माणूस, त्याला काहीतरी हवंय किंवा काहीतरी टाळायचंय, आणि ते मला कुणी सांगितलं नाही तर त्याच्या वागण्यातून दिसलं, की मी पुढची शंभर पानं आनंदाने वाचते.

मराठीत लिहिलेलं चालतं का? फॉन्ट कोणता? एक पान एक मिनिट हे मराठीला लागू होतं का?
– एक वाचक, नाशिक

मराठी सिनेमासाठी देवनागरीतच लिहा. हिंदीत सीनचं वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत असा प्रकार सर्रास चालतो. एक पान एक मिनिट हा हिशोब बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टवर बसवलेला आहे, देवनागरी फॉन्टला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, त्यामुळे घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि लांबी काढा. बाकी युनिकोड वापरा, पानांवर नंबर टाका, पीडीएफ पाठवा.

माझी गोष्ट रीडरनेच चोरली तर? कुठल्या भरवशावर पाठवायची?
– एक लेखिका, नागपूर

भीती चुकीची नाहीये. म्हणून आधी काय संरक्षण मिळतं आणि काय नाही ते समजून घ्या. आपल्याकडे कल्पनेवर कॉपीराइट नाही, कल्पना ज्या रूपात मांडली त्यावर आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच हे स्पष्ट केलंय, तिथे एका नाटककाराने आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला असा दावा केला होता आणि विषय एकच असला तरी मांडणी वेगळी आहे म्हणून तो दावा टिकला नाही. यातून लेखकाने घ्यायचं ते हे की ‘दोन भाऊ आणि एक विहीर’ एवढ्यावर तुमचा हक्क नाही, पण तुम्ही सीन बाय सीन लिहिलेली पटकथा तुमची आहे. त्यामुळे चहा पिता पिता कल्पना सांगत फिरू नका, लिहून काढा. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या स्क्रिप्टची ऑनलाइन नोंदणी करते, ती करा, कुठल्या तारखेला तुमच्याकडे काय लिहिलेलं होतं याचा पुरावा राहतो. ईमेलनेच पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या तुकड्यात नको. रिलीज फॉर्मवर सही मागितली तर सही करायच्या आधी पूर्ण वाचा, त्यात बऱ्याचदा असं लिहिलेलं असतं की कंपनीकडे तुमच्यासारखीच गोष्ट आधीपासून असू शकते आणि तुम्ही त्यावर दावा करणार नाही. जमत असेल तर वकिलाला दाखवा, असोसिएशनकडेही विचारता येतं.

आमच्या बाजूने सांगते. चांगला रीडर, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार असो नसो, वाचलेल्या स्क्रिप्टबद्दल बाहेर बोलत नाही, घरीसुद्धा नाही. मी स्वतः लिहिते पण ज्या विषयावर लिहितेय त्या विषयाची स्क्रिप्ट आली तर कंपनीला आधीच कळवून परत करते. काम जातं, जाऊ दे. ज्याला हे जमत नसेल त्याने या धंद्यात येऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे, कारण समोरच्याने दोन-दोन वर्षांची मेहनत अनोळखी माणसाच्या हातात दिलेली असते.

माझी मुलगी लॉस एंजेलिसला फिल्म स्कूलमध्ये आहे, तिला रीडरचं काम करायचंय. तिकडे याची नोकरी असते का?
– एक वडील, न्यू जर्सी

असते, आणि तिकडे तर हे काम स्टुडिओंच्या जुन्या काळापासून चालत आलंय. स्टुडिओत स्टोरी डिपार्टमेंट असतं आणि तिथल्या कायम रीडरला स्टोरी अ‍ॅनालिस्ट म्हणतात. त्यांची युनियनसुद्धा आहे, आधी वेगळी होती, २००० साली ती मोशन पिक्चर एडिटर्स गिल्ड या सिनेमाच्या संकलकांच्या युनियनमध्ये (लोकल ७००) सामील झाली. त्यामुळे तिथे पगार, तास, आरोग्य विमा हे सगळं कराराने ठरतं. पण अशा जागा मोजक्या आणि त्यातली माणसं सहसा जागा सोडत नाहीत. बाहेर लेखक-नटांना काम मिळवून देणाऱ्या एजन्सी, छोट्या कंपन्या, पटकथा स्पर्धा यांच्यासाठी फ्रीलान्स वाचणारे खूप, त्यांना स्क्रिप्टमागे पैसे मिळतात आणि ते फार नसतात. तुमच्या मुलीची सुरुवात बहुधा तिथूनच किंवा एजन्सीच्या इंटर्नशिपमधून होईल.

दोन नावं तिला माहीत असतीलच. एक ऑस्कर अकॅडमीची निकोल फेलोशिप, १९८६ पासून चालू, नव्या लेखकांसाठी, तिथे दरवर्षी हजारो स्क्रिप्ट यायच्या आणि त्या पहिल्या फेरीत रीडरच वाचायचे. दुसरं ब्लॅक लिस्ट. फ्रँकलिन लेनर्ड नावाच्या डेव्हलपमेंटमधल्या माणसाने २००५ मध्ये ओळखीतल्या लोकांना ईमेल करून विचारलं की यंदा वाचलेल्यांपैकी न बनलेली कुठली स्क्रिप्ट आवडली, आणि त्याची यादी करून परत पाठवली. ती यादी इतकी फिरली की दरवर्षीची झाली. मला ही गोष्ट मनापासून आवडते, कारण ऑफिसमध्ये बसून वाचणाऱ्यांची आवड पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. २०१२ पासून त्यांची वेबसाइट पैसे घेऊन स्क्रिप्टचं मूल्यमापनही करून देते.

पोट भरतं का ते सांगा स्पष्ट.
– एक वाचक, सातारा

फक्त यावर मुंबईत अवघड आहे. बहुतेक जण सोबत सबटायटल, भाषांतर, संवादलेखन असं काहीतरी करतात, मीही करते. रेट स्क्रिप्टमागे ठरतो, इनव्हॉइस टाकायचं, टीडीएस कापून पैसे येतात आणि यायला महिना-दोन महिने सहज लागतात, एका कंपनीने तर माझे पैसे इतके लांबवले की मी त्यांचं काम सोडलं. नवीन असाल तर एक सांभाळा, सीरिजला फीचरचा रेट घेऊ नका. बायबल, पायलट आणि आठ एपिसोड मिळून चारशे पानं होतात आणि समोरचा म्हणतो एकच तर प्रोजेक्ट आहे. पानांवर रेट मागा. सुरुवातीला ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणून फुकट वाचून घेणारे भेटतील, एखादं सॅम्पल द्या, त्याच्यापुढे नाही म्हणा.

एआय दोन मिनिटात सिनॉप्सिस काढतं. तुमचं काम राहणार का?
– एक आयटीवाला, ठाणे

काळजी मलाही आहे, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत २०२३ मध्ये लेखकांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर चालला, त्यातून एआयने लिहिलेलं साहित्य लेखकाचं लेखन म्हणून धरायचं नाही वगैरे अटी मिळवल्या, पण ती लेखकांची युनियन होती, रीडर वेगळ्या युनियनमध्ये येतात. आपल्याकडे तर रीडरची युनियनच नाही.

मशीनने काढलेले सिनॉप्सिस मी बघितलेत. ते गुळगुळीत असतात, आणि तीच माझी अडचण आहे. वर म्हटलं तसं, सिनॉप्सिस लिहिताना जिथे पेन अडतं तिथे स्क्रिप्टचा दोष सापडतो. मशीन अडत नाही, ते दोन न जुळणारे सीन ‘त्यामुळे’ लावून जोडून टाकतं आणि वाचणाऱ्या साहेबाला वाटतं गोष्ट बांधीव आहे. दुसरं म्हणजे विदर्भातल्या एखाद्या बाईच्या तोंडी असलेलं अर्धं वाक्य, जे ती मुद्दाम पूर्ण करत नाही, त्यात सगळा सीन असतो, ते कुणीतरी माणसाने वाचायला हवं. आणि लेखकाची परवानगी न घेता त्याची न छापलेली स्क्रिप्ट कुठल्याही टूलमध्ये टाकणं हा सरळ सरळ विश्वासघात आहे, कंपन्यांनी हे करारात लिहून द्यावं अशी मागणी लेखकांनी आत्तापासून करायला पाहिजे.

मला सुरुवात करायचीय, ओळख कुणाचीच नाही.
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

अवॉर्डच्या सीझनमध्ये अमेरिकन स्टुडिओ आपल्या सिनेमांच्या पटकथा स्वतःच्या साइटवर फुकट ठेवतात, त्यातली अशी घे ज्याचा सिनेमा तू पाहिलेला नाहीस. एका बैठकीत वाच, मोबाईल लांब ठेवून. मग वर सांगितलं तसं कव्हरेज लिही, सिनॉप्सिस दोन पानांच्या वर जाऊ देऊ नको, कॉमेंट्समध्ये ‘बोअर झालं’ असं लिहायचं नाही, कुठल्या पानावर लक्ष उडालं आणि का ते लिहायचं. आता सिनेमा बघ आणि आपला रिपोर्ट परत वाच. त्यानंतर ओळखीतल्या कुणाची न बनलेली मराठी स्क्रिप्ट माग, विचारून, आणि तिचं कव्हरेज आधी त्या लेखकालाच दाखव. असे तीन चांगले रिपोर्ट हातात आले की प्रॉडक्शन हाउसच्या डेव्हलपमेंट टीमला ईमेल कर, सॅम्पल म्हणून पब्लिक स्क्रिप्टचाच जोड, त्या मराठी लेखकाचा जोडू नको. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो, तिथे जाता आलं तर जा, या टीममधली माणसं तिथे प्रत्यक्ष भेटतात. उत्तर आलं नाही तर महिन्याने परत लिही.