म्हैस आजीलाच का पान्हा सोडते?

प्रश्न: मी आटपाडी तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. आमच्या म्हशीचं रेडकू गेल्यापासून ती आईला धार काढू देत नाही, आजी बसली की मात्र पान्हा सोडते. हे हार्मोन्समुळे होतं असं वाचलं. मला हेच शिकायचं आहे. पण प्रजननाचा धडा कॉलेजात ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला आणि पप्पा विचारतात, असलं शिकून नोकरी कुठे मिळणार?

उत्तर: आधी गोठ्यातलं सांगते. रेडकू कासेला ढुशा देतं तेव्हा निरोप मेंदूकडे जातो आणि मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन रक्तात उतरतं. ते कासेत पोचलं की दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतालच्या पेशी आवळतात आणि दूध सडात येतं. हा असर काही मिनिटांचाच, म्हणून धार भरभर काढावी लागते. जनावर बुजलं तर भीतीच्या वेळी सुटणारं ॲड्रेनॅलिन हे हार्मोन आडवं येतं आणि कासेत दूध असूनही म्हैस ते चोरते. आजीचा आवाज, तिचा हात, पेंडीचं घमेलं या खुणा आता बहुधा रेडकाच्या जागी बसल्या आहेत. म्हणजे हार्मोन वागणं बदलतं तसं भोवतालच्यांच्या वागण्याने हार्मोनही बदलतं. हा दुहेरी रस्ताच तुझ्या विषयाचा गाभा आहे.

तुमच्याकडच्या मेंढपाळांना विचार. व्यायलेली मेंढी पहिल्या तास-दोन तासांत पिल्लाचा वास ओळखीचा करते, मग दुसरीचं कोकरू पाजत नाही. विताना गर्भमार्गावर ताण पडतो तेव्हा तिच्या मेंदूतही ऑक्सिटोसिन सुटतं, त्याचा यात मोठा वाटा असतो. १८४९ मध्ये जर्मनीत बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं. मूळच्या नसा तुटलेल्या होत्या, तरी ते कोंबडे आरवू लागले, भांडू लागले, माद्यांमागे जाऊ लागले. निरोप रक्तातून जातो हे त्यातून कळलं. पण ‘हे हार्मोन म्हणजे राग, ते हार्मोन म्हणजे प्रेम’ असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. हार्मोन शक्यता वाढवतं. पुढे वय, अनुभव आणि प्रसंगही ठरवतात.

धडा सोडला याचं मला फार वाईट वाटलं. म्हैस माजावर आली हे ओसरीवर सगळ्यांसमोर बोललं जातं आणि तोच विषय वर्गात आला की माना खाली जातात. तो धडा तू मन लावून वाच. नीट परीक्षेलाही तो लागतोच.

पप्पांना सांग, म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, म्हणजे त्याच्या खुणा सहज दिसत नाहीत. तो हुकला की साधारण २१ दिवस थांबायचं, भाकड काळ लांबतो, दुधाचा हिशेब कोलमडतो. तो ओळखणारा, हार्मोनचं बिघडलेलं चक्र समजणारा पशुवैद्य गावोगाव हवा असतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. पुढे पशुप्रजननात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. घरची ओढाताण असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

पण तुझा ‘का’ हा संशोधकाचा आहे, हेही सांगायला हवं. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत ५ वर्षांचा बीएस-एमएस आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, चारही विषयांचे प्रश्न असतात. गणित सोडलं असशील तर आत्ताच हाती घे. जवळ राहायचं असेल तर बीएस्सी करून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एमएस्सी. पीएचडी धरून बारावीनंतर साधारण १० वर्षं जातात, आणि जागा थोड्या असतात. हे पप्पांपासून लपवू नकोस.

तोवर एक वही कर. रोज धारेला कोण बसलं, पान्हा सुटायला किती मिनिटं लागली, दूध किती निघालं, गोठ्यात कुत्रं किंवा परका माणूस आला होता का, सगळं लिही. मग आठवडाभर आईला आजीशेजारी बसव, त्यानंतर घमेलं आईच्या हाती दे, आणि मिनिटं बदलतात का बघ. महिन्याभराने ती पानं मला पाठव.