‘द’ लागला म्हणून कोणी सरदार होत नाही

प्रश्न : महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनानी डी बॉइन. त्याच्या नावातलं ‘डी’ म्हणजे फ्रेंच सरदार घराण्याची खूण, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं आहे का? आणि नामसूचीत हे नाव ‘ड’खाली घ्यायचं की ‘ब’खाली?

उत्तर : खरं नाही. व्याख्यानांतून हे ‘सरदारी डी’ इतक्यांदा ऐकलंय की आता कानात बोळे घालून बसावंसं वाटतं. मुळात ते ‘डी’ नव्हे, ‘द’. काही लेखांत तर ‘डी. बॉइन’ असं मध्ये टिंब देऊन छापतात, जणू गृहस्थांचं पाळण्यातलं नाव दत्तात्रय होतं!

‘द’ म्हणजे ‘चा’, ‘इथला’. आपल्या आडनावांतला ‘कर’ जे काम करतो तेच. पुणेकर आडनाव असलं म्हणून कोणी पेशव्यांच्या वाड्यात जन्मलेला नसतो. ‘द’ला पुढचं ‘ल’ हे उपपद चिकटलं की त्याचा ‘द्यु’ होतो. द्युपाँ म्हणजे पुलापाशी राहणारा, द्युबुआ म्हणजे रानाकडचा. ही साध्या शेतकऱ्या-मजुरांची आडनावं. उलट ज्यांच्या नावात ‘द’चा मागमूस नाही अशी जुनी उमराव घराणीही फ्रान्समध्ये होती. राज्यक्रांतीपूर्वी सरदारकी ठरायची ती सनदा आणि वंशावळीचे पुरावे पाहून, नावातल्या अक्षरावरून नव्हे.

म्हणूनच हौशी मंडळींनी ‘द’ स्वतःच लावून घेतला. कादंबरीकार बालझाकच्या वडिलांचं मूळ आडनाव बालसा. वडिलांनी त्याचं बालझाक केलं आणि चिरंजीवांनी पुढे ‘द’ जोडला. गणिती दालांबेर 1717 साली पॅरिसच्या सँ-जाँ-ल-राँ चर्चच्या पायऱ्यांवर सापडलेलं टाकून दिलेलं मूल. त्या चर्चवरूनच त्याचं नाव जाँ ल राँ ठेवलं गेलं. दालांबेर हे त्यानं मोठेपणी घेतलेलं नाव.

आता तुमचा डी बॉइन. जन्म 1751, शांबेरी गावी. घरचा धंदा कातड्यांचा. आणि घरचं आडनाव? लबोर्न्य! ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्यानं आंधळा. कोणा पूर्वजाचं व्यंग पुढच्या धडधाकट पिढ्यांना चिकटलं. (काणे मंडळींनी लगेच अंगावर घेऊ नये, त्यांच्या आडनावाचा वाद वेगळा आहे.) या पठ्ठ्यानं लबोर्न्य टाकून ‘द बॉइन’ केलं, हिंदुस्थानात येऊन शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, उभे केले, राजपुतान्यातल्या पाटण-मेडत्याच्या लढाया मारल्या, गडगंज होऊन परत गेला आणि त्यानंतर सार्डिनियाच्या राजानं त्याला काउंट केलं. म्हणजे आधी ‘द’ आणि मग सरदारकी! शिवाय शांबेरी हे सॅव्हॉयमधलं. त्याच्या जन्मवेळी तो मुलूख फ्रान्सचा नव्हताच, सार्डिनियाच्या राजाचा होता. तेव्हा ‘फ्रेंच सरदार’ या दोन शब्दांतला एकही जन्मानं त्याला लागू पडत नाही.

पण ‘द’ची खरी गंमत पुढेच आहे. फ्रान्सच्या उत्तरेत लील, डंकर्क या पट्ट्यात देस्मेत, दबाकेर अशी ‘द’नं सुरू होणारी कितीतरी आडनावं भेटतात. यांतला ‘द’ फ्रेंच नाहीच! तो फ्लेमिश भाषेतला ‘द’, म्हणजे इंग्रजीतला ‘द’, निव्वळ उपपद. दबाकेर म्हणजे पाव भाजणारा भटारी. देस्मेत म्हणजे लोहार. सरदारकी शोधायला गेलात तर भात्यापाशी येऊन पोचाल.

आणि लोहारापाशी आलोच आहोत, तर जे सांगायला मी कधीचा टपलोय ते सांगून टाकतो. लोहार हा फ्रेंच आडनावांचा राजा आहे. लॅटिन शब्द ‘फाबेर’. दक्षिणेत त्याचं झालं फाब्र. कीटकांवर आयुष्य वाहिलेला जाँ-आंरी फाब्र याच कुळातला. कुठे फोर झालं. 1895 ते 1899 या काळातले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर आठवा. सॅव्हॉयकडे फाव्र, फ्राँश-काँतेत फेव्र. ब्रिटनीत भाषाच वेगळी, तिथे ल गॉफ. अल्सासमध्ये श्मित. आणि उत्तर फ्रान्सभर लफेव्र. बोलीभाषेत लोहाराला आज फोर्जरों म्हणतात, जुना ‘फेव्र’ व्यवहारातून गेला. उरला तो आडनावांत आणि ‘ऑर्फेव्र’ म्हणजे सोनार या शब्दात.

आता हे लफेव्र रोमन लिपीत लिहिलेलं नीट पाहा. एक रूप सरळ (Lefèvre). दुसरं रूप (Lefebvre), जे फार आढळतं, त्यात व्हीच्या आधी एक बी घुसलेला आहे, आणि त्याचा उच्चार शून्य. हा बी आला कुठून?

कोशकार मंडळींचं ठरलेलं उत्तर असं की जुन्या काळच्या लेखनिकांना लॅटिनचं ज्ञान मिरवायचं होतं, ‘फाबेर’मधला बी त्यांनी परत आणून बसवला. म्हणजे पाहा, लॅटिन बीचा फ्रेंचमध्ये व्ही झालेलाच होता. त्या व्हीशेजारी त्याचाच पूर्वज आणून उभा केला. पण निव्वळ मिरवण्यासाठी? मला हे पटत नाही. त्या काळी यू आणि व्ही ही दोन अक्षरं नव्हतीच, एकच अक्षर दोन वळणांनी लिहीत. शब्दाच्या मध्ये सहसा यूचं वळण. त्यामुळे लफेव्र कागदावर असं (Lefeure) दिसे की ‘लफर’ वाचावं की ‘लफेव्र’, वाचणारा बुचकळ्यात. बी दिसला की पुढचं अक्षर व्यंजन धरायचं, हा लेखनिकांचा संकेत होता. बी हा शोभेचा नव्हे, पहारेकरी.

पुरावा हवा? फ्रेंचमध्ये तेल म्हणजे ‘उइल’. लॅटिन ‘ओलेउम’वरून आलेला शब्द, त्यात एचचं नाव नाही. पण फ्रेंच स्पेलिंग एचनं सुरू होतं. का? कारण एच नसता तर तोच शब्द ‘विल’, म्हणजे हीन, असं वाचलं गेलं असतं. कालव म्हणजे ‘उइत्र’. एच काढा, ‘वित्र’ म्हणजे काच होते. आठ या आकड्याच्या शब्दातही तसाच फुकटचा एच. पुढचं अक्षर स्वर धरा हे सांगायला एच आणि व्यंजन धरा हे सांगायला बी. एकाच युक्तीच्या या दोन बाजू मला तरी लख्ख दिसतात.

यावर मिरवण्यावाले म्हणतात, मग ‘दूत’ म्हणजे शंका, या शब्दात जुने लोक बी लिहीत, तिथे कुठे व्ही होता? नव्हता. तो बी खुशाल तुमच्या पदरात घ्या. पण ‘दव्वार’ म्हणजे कर्तव्य, या शब्दातला जुना बी व्हीच्या नेमका आधी. ‘फेव्ह’ म्हणजे वालाची जात, त्यातही तसाच. ‘मिळणे’ या अर्थाच्या ‘रसव्वार’मध्ये जुना पी, तोही व्हीला खेटून. हे सगळे योगायोग मानायचे असतील तर माना बापडे.

तिसरा एक पंथ आहे. तो म्हणतो, लेखनिकांना अक्षरागणिक पैसे मिळत, म्हणून त्यांनी अक्षरं वाढवली. मग फ्रान्समधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव मार्तँ, ते सहा अक्षरांवर कसं राहिलं? तिथे तर कमाईला रान मोकळं होतं.

युक्ती सगळीकडे साधली असंही नाही. काही घराण्यांत लोकांनी बी वाचला आणि पुढचा यू स्वर धरला. त्यांचं आडनाव झालं लफेब्यूर, आणि ते आजही आहे. पहारेकऱ्यालाच पाहुणा समजून आत घेतलं! पुढे फ्रेंच अकादमीच्या 1762च्या कोशात यू-व्ही वेगळे झाले. दव्वारमधला बी त्याआधीच गेला होता, बाकीचेही बरेच फालतू बी-पी गेले. आडनावं मात्र कोशाला जुमानत नाहीत. शिवाय 23 ऑगस्ट 1794च्या कायद्यानं जन्मनोंदीत असेल तेच नाव लावायचं बंधन घातलं, त्यामुळे ज्याच्या कागदावर बी होता त्याच्या गळ्यात तो कायमचा पडला. मराठीत लिहिताना ‘लेफेब्व्रे’ असले दातखिळी बसवणारे प्रकार करू नका. लफेव्र लिहा.

राहिली तुमची सूची. फ्रेंच पद्धतीत सुटा ‘द’ वर्णक्रमात धरत नाहीत. बालझाक ब-खाली येतो, तुमचा बॉइनही ब-खाली घ्या आणि ‘द’ नावानंतर स्वल्पविराम देऊन टाका. ‘द्यु’ आणि ‘ला’ मात्र धरतात, म्हणून कवी द्यु बेले द-खाली आणि ला फोंतेन ल-खाली. दालांबेरमधला ‘द’ पुढच्या स्वराला चिकटलाय, पण फ्रेंच सूचीत तोही अ-खालीच सापडेल. देस्मेतचा ‘द’ फ्लेमिश, तो द-खालीच राहू द्या. आणि ‘डी’नंतरचं ते टिंब कुठे दिसलं तर तेवढं खोडा.