पॅसेजमध्ये उभी राहणारी म्हैस

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन महिन्यांत चार वेळा तेच स्वप्न. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये एक काळी म्हैस उभी, अंग ओलं, ती तुमच्याकडे बघते आणि तुम्हाला स्वयंपाकघरात जाता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, यमाचं वाहन आहे, घरात कुणाचं तरी बरंवाईट होणार. ओळखीच्या एकांनी शांतीची पूजा करून घ्या म्हणून सांगितलं. मोबाइलवरच्या स्वप्नांच्या अर्थांच्या यादीत निघालं ‘धनलाभ’. त्यात सासरे आजारी, म्हणून तुमची झोप उडाली.

आधी भीतीचं बोलू. यमाचं वाहन रेडा, तुम्हाला दिसली म्हैस. पण तो रेडा आहे असं धरलं तरी कुठला धरायचा? तुळजापूरच्या भवानीनं मारला तो महिषासुर रेडाच. शेताच्या बांधावर शेंदूर लावून राखणीला बसवलेला म्हसोबा, त्याचंही नातं रेड्याशीच. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले म्हणतात तोही रेडाच, आणि त्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, लोक तिथं हात जोडतात. एकाच जनावराच्या वाट्याला मृत्यू, दैत्य, देव आणि वेद असं सगळं आलंय. यादी करणारा त्यातलं एक उचलतो आणि तेच तुमच्या माथी मारतो.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. त्यातली पहिली पाच निष्फळ समजावीत, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. कुत्री, उंट, गाढवं यांच्याबरोबर दक्षिणेला जाण्याचं स्वप्न अशुभ, हेही त्याच अध्यायात आहे. पण आधी चाळणी लावलीय. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक माणसानं स्वप्नांच्या अर्थांचे पाच भाग लिहिले, त्यात प्राणी भरपूर, तरी त्याचाही आग्रह हाच की स्वप्न पाहणारा कोण, करतो काय, त्याच्याकडच्या रीती काय, हे आधी विचारा.

आता मी काय करतो ते सांगतो. अकरा वर्षं उशाला वही ठेवतोय. जाग आली की कुशीसुद्धा बदलायची नाही, हललं की स्वप्न निसटतं. आधी लिहायचं ते ‘कसं वाटत होतं’. मग चित्र, तेही ‘म्हैस उभी आहे’ असं आत्ता चालू असल्यासारखं. अर्थाकडे त्या दिवशी जायचंच नाही.

अर्थ शोधायच्या दोन वाटा मी वापरून पाहिल्या. मनोविश्लेषण करणाऱ्या फ्रॉइडची वाट म्हणजे एका चित्रावरून जे आठवेल त्याच्या मागे जात राहायचं. म्हशीवरून दूध, दुधावरून चहा, चहावरून ऑफिस. ऑफिसात पोचेपर्यंत म्हैस मागे राहून जाते. त्याचा एकेकाळचा सहकारी युंग माणसाला पुन्हा पुन्हा त्याच चित्राकडे आणायचा. ही वस्तू मला ठाऊकच नाही असं समजून तिचं वर्णन करा, म्हणायचा. प्राण्यांच्या बाबतीत मला हीच वाट खरी वाटते, कारण स्वप्नातला प्राणी काहीतरी नेमकं करत असतो आणि ते नेमकेपण सोडलं की हाती काही लागत नाही.

माझीही एक म्हैस आहे, तिचं सांगतो. लहानपणी आमच्या गोठ्यात रेडकू दगावलं की म्हैस पान्हा चोरायची. मग त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवत. ती ते चाटायची आणि आजी खाली बसून धार काढायची. हे सगळं मी विसरून गेलो होतो. मग एका पहाटे स्वप्न पडलं. म्हैस ते पेंढ्याचं रेडकू चाटतेय. चाटून चाटून मानेपाशी शिवण उसवलीय, पिवळा पेंढा बाहेर आलाय, त्याला तिच्या जिभेची ओल लागलीय. तरी ती चाटतेच आहे.

म्हैस कधी न पाहिलेल्या माणसाला सांगावं तसं वहीत लिहिलं: ‘मोठं, काळं, शांत जनावर. ओळखीच्या हातालाच दूध देतं. त्याला पिल्लू जवळ लागतं.’ पुढं लिहवेना. त्या वर्षी आई गावी एकटी होती. एक तारखेला पैसे जात होते. रोज साडेआठला तीन मिनिटं फोन: जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं, ठेवतो. गावी जाऊन मला चौदा महिने झाले होते. मी आईपुढं काय ठेवलं होतं, ते त्या पानावर मला दिसलं. शनिवारची एसटी धरली.

अर्थ बरोबर लागला की शरीराला कळतं. घसा दाटतो, हात थांबतो, किंवा एकदम हलकं वाटतं. नुसता हुशारीनं लावलेला अर्थ वाचायला छान वाटतो, पण आत काही हलत नाही. म्हणून दुसऱ्यानं सांगितलेला अर्थ, माझा धरून, कधीही जसाच्या तसा घेऊ नका.

आता तुमची म्हैस. प्रश्न नीट वाचला तर स्वप्नात तुम्ही घाबरल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. भीती आली ती सासूबाई बोलल्यानंतर. स्वप्नाबद्दल तुमचे शब्द आहेत, ‘ती काहीच करत नाही, पण मला तिची अडचण होते.’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं, ते वहीत सर्वात वर लिहा. हल्ली घरात असं काय आहे, जे काही करत नाही, जागा अडवतं, आणि ज्याला तुम्ही ‘बाजूला हो’ म्हणू शकत नाही? उत्तर इथं लिहायची गरज नाही.

दुसरं, ती ओली का आहे? म्हशीला घाम फार कमी येतो, कातडं काळं, म्हणून तिला पाण्यात डुंबावंच लागतं. डुंबून आलेली म्हैस निवलेली असते. पावसात उभी राहून भिजलेली म्हैस मात्र कुणीतरी आत घ्यायची विसरलेली असते. तुमची यातली कोणती, हे तुम्हालाच ठाऊक. आणि ती तुमची वाट अडवून उभी आहे की तिला जायलाच जागा नाही, हेही बघा. तुम्ही लहानपणी म्हशी पाहिल्यात का, कुणाच्या, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिथूनही धागा निघेल.

एक व्यवहाराचं. इतक्यात काही गोळ्या सुरू झाल्या असतील तर डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकरनी, आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी स्वप्नं ठळक पडतात. मनानं गोळी बंद करू नका. स्वप्नानं रोज दचकून जाग यायला लागली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. दिवसा जागेपणी स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवायचा, अशी एक उपचारपद्धत आहे आणि वाईट स्वप्नांवर ती उपयोगी पडते. सासऱ्यांच्या तब्येतीचं मात्र त्यांच्या डॉक्टरांशी बोला, म्हशीला त्यात ओढू नका. सासूबाईंशी वादही घालू नका. नवरा आजारी आहे, त्यांची भीती त्यांच्या जागी खरी आहे.

पुन्हा दिसली तर पडल्या पडल्या एकच गोष्ट आठवून बघा, तिच्या गळ्यात दावं होतं का. असेल तर ते कुठवर गेलं होतं, तेही लिहा.