पावलाच्या जुनाट वेदनेसाठी मज्जातंतूजवळ इलेक्ट्रोड बसवून घ्यावा का?

तुमच्या वडिलांच्या गुडघ्याखालचे हाड दोन वर्षांपूर्वी अपघातात मोडले, ते नीट जुळले, तरीही पावलाच्या वरच्या बाजूला सतत आग होते, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, प्रीगाबॅलिन या वेदनेवरील औषधाने गुंगी येते आणि आता वेदनातज्ज्ञांनी मज्जातंतूजवळ इलेक्ट्रोड, म्हणजे त्याला विद्युत उत्तेजन देणारी बारीक तार, बसवण्याचे सुचवले आहे. ते करावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि दुचाकीच्या अपघातानंतर असे दुखणे मागे राहिलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. योग्य रुग्णाला या उपचाराचा खरोखर उपयोग होऊ शकतो, परंतु वेदना नेमक्या कोणत्या मज्जातंतूतून येते हे ठरल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावलाची संवेदना अनेक मज्जातंतूंमध्ये वाटलेली असते. तळव्याची बहुतांश संवेदना घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या टिबियल मज्जातंतूकडे असते, बाहेरची कड सुरल मज्जातंतूकडे आणि पावलाचा वरचा बराचसा भाग पेरोनियल मज्जातंतूच्या शाखांकडे असतो. हा पेरोनियल मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालून अगदी त्वचेखालून जातो, त्यामुळे मार लागून किंवा घट्ट प्लास्टरच्या दाबाने त्याला इजा होऊ शकते. वडिलांच्या वेदनेची जागा पाहता पहिला संशय त्याच्यावरच जातो. तो व्रणाच्या ऊतींमध्ये अडकला असेल, तर तो मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आधी व्हायला हवा. मज्जातंतूंची वहन चाचणी झाली नसेल, तर ती करून घ्या आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने त्या मज्जातंतूभोवती भुलीचे इंजेक्शन देऊन पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. भुलीचा अंमल असेपर्यंत वेदना स्पष्टपणे उतरली, तर निदान बरोबर असण्याची शक्यता वाढते. मात्र त्यावरून इलेक्ट्रोडच्या यशाची खात्री देता येत नाही.

दोन्ही पावलांत मोज्याच्या आकारात सारखीच आग होत असती, तर मी आधी रक्तातील साखर आणि ब-12 जीवनसत्त्व तपासायला सांगितले असते, विशेषतः मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ चालू असताना. त्याचप्रमाणे पाय सुजणे, त्वचेचा रंग व तापमान बदलणे, घाम कमीजास्त येणे अशी लक्षणे असल्यास ते सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे इजेनंतर हातापायात टिकून राहणारी तीव्र वेदना) असू शकते. पायाच्या सीआरपीएससाठी मणक्याजवळच्या मज्जातंतुगंडिकेला (संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या पेशींच्या पुंजक्याला) उत्तेजन देण्याच्या वेगळ्या पद्धतीला अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली आहे, म्हणून हा फरक डॉक्टरांशी नक्की बोलून घ्या.

या उपचारामागचा विचार मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडला: स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू उद्दीपित केले, तर वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच रोखले जाऊ शकतात. वॉल आणि स्वीट यांनी 1967 साली विद्युत उत्तेजनाने तो वापरून पाहिला. आज सोनोग्राफीत पाहत, बहुधा केवळ जागेवर भूल देऊन, बारीक तारेसारखा इलेक्ट्रोड मज्जातंतूशेजारी ठेवतात. काही प्रणालींत तो 60 दिवसांपर्यंत ठेवून काढून टाकतात, तर काहींत कायमचा बसवतात. कायमचा बसवण्याआधी काही दिवसांची चाचणी व्हावी, असा आग्रह धरा. वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली, तर चाचणी सामान्यतः यशस्वी मानतात. पण मी झोप, चालण्याचे अंतर आणि चप्पल घालता येणे यांची रोजची नोंदही ठेवायला सांगते, कारण केवळ आकड्यावरून दिलेल्या उत्तरात आशेचा वाटा मोठा असतो. उपलब्ध अभ्यासांपैकी बरेच लहान आहेत, त्यामुळे पूर्ण वेदनामुक्तीचे आश्वासन कोणी दिले, तर ते मान्य करू नका.

जंतुसंसर्ग होणे, तार सरकणे किंवा तुटणे हे मुख्य धोके आहेत आणि सांध्याच्या सततच्या हालचालीमुळे गुडघ्या-घोट्याजवळ तारेवर ताण येतो. वडिलांना पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पुढे एमआरआयची गरज पडणार असेल, तर ते आधीच सांगा. मेडिक्लेमची मंजुरी उपकरणाच्या नावासह लेखी घ्या. प्रीगाबॅलिन मात्र अचानक बंद करू नका. गुंगीबद्दल डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करता येते किंवा ड्युलोक्सेटिनसारखा पर्याय त्यांना चालेल का, हे विचारता येते.